सहाणेजवळचा भराव

घाट कॅम्प, पोलादपूर
१४ डिसेंबर १९६२

ती. दादास,

वर श्री लिहिलेलं नाही, त्यावरून समजला असशील. आई रविवारी, ९ तारखेला, सकाळी सातच्या सुमारास गेली. शेवटचे दोन दिवस पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती.

चार तारखेला मी तार केली होती. तू घरी आला नाहीस. गिरणीतून सुट्टी मिळाली नसेल, असं मी विचारणाऱ्यांना सांगितलं. विचारणारे फार नव्हते.

खांदेकरी चार मिळाले. लाकडं मिळाली. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा असतो, म्हणून तेवढ्यासाठी तुझ्यावाचून अडलं नाही. दुपारी दोनपर्यंत सगळं आटपलं.

एक काम राहिलं आहे. अस्थी तुझ्या हातानं हरिहरेश्वराला जाव्यात, असं तिनं शनिवारी संध्याकाळी सांगितलं. मी म्हणालो, दादाला नाही जमलं तर मी नेईन. तर म्हणाली, "तू नको रे. तुज्या हाताला काय लागलेलं असतं ते कळत नाय."

मडकं माझ्या झोपडीबाहेर ऐनाच्या झाडाला टांगून ठेवलं आहे. कधी येतोस ते कळव.

तुझा,
महिपती

घाट कॅम्प
२९ डिसेंबर १९६२

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहितोस, "बारा वर्षं मशीनपुढं उभा राहिलो ते तू प्रोफेसर व्हावास म्हणून. तू शेवटी मुकादम झालास आणि म्हातारीची ही गत केलीस." अस्थींबद्दल एक अक्षर नाही.

मुकादम मी नाही. मुकादम भिकू आहे, साताऱ्याकडचा. मी काय आहे हे तुला कधी नीट लिहिलं नाही, कारण त्याचं नाव मलाही सांगता येत नव्हतं. आता लिहितो.

बी.एस्सी. झालो तेव्हा तू गावाच्या खोलीत सगळ्यांना पेढे वाटलेस. वाडीतली तीस माणसं मुंबईच्या त्या एका खोलीत राहायची, आणि माझं रसायनशास्त्राचं पुस्तक ठेवायला तू खिळा ठोकून फळी लावली होतीस. नंतरचं तुला तुटक माहीत आहे. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो, तिथं दीड वर्ष बाटल्या धुतल्या. मग महाडला शाळेत सायन्स शिकवलं, बी.टी. नव्हतो, पुढच्या जूनला काढलं. मग या घाटाच्या रुंदीकरणावर वाळू आणि सिमेंट तपासायला लागलो. सिमेंटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे, सातव्या दिवशी एक फोडायचा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी एक. शेकडो ठोकळे. कुठला कधी फोडायचा याचा घोळ व्हायला लागला, म्हणून मी एक तक्ता केला. वर तारखा, खाली ठोकळे.

इंजिनिअरसाहेबांनी तो तक्ता पाहिला. म्हणाले, "ठोकळे कोणीही फोडेल. मला असा सबंध घाटाचा तक्ता करून दे." तेव्हापासून तीन वर्षं मी तेच करतो. खोदाई, सुरुंग, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या, भराव, खडी. प्रत्येक कामाची एक पट्टी. व्हायचं ते निळ्या पेन्सिलीनं, झालेलं लाल पेन्सिलीनं. कुठलं काम कशासाठी अडलं आहे ते शोधायचं आणि अडसर काढायचा. साहेब सांगतात की पुढं सगळीकडं याच कामाला माणसं लागतील. लागोत.

आई एकदा कॅम्पवर आली होती. भिंतीवरचा कागद बघून म्हणाली, "दगूड तू फोडत नायस, माती तू उचलत नायस. मग करतोस काय?"

मी म्हणालो, कुठला दगड कधी फोडायचा ते सांगतो.

"ते तर कोंबडा पण सांगतो," म्हणाली. भिकू इतका हसला की आठवडाभर मजूर मला बघून आरवायचे.

आता खांदेकऱ्यांचं. गावातून कोणी आलं नाही. वाळीत टाकलेल्या घराचं मयत उचलायचं नाही, हे गावकीनं आधीच ठरवलं होतं. दारं उघडी होती, माणसं आत होती. चांगू गुरवाच्या ओटीवर चारजण पान खात बसले होते, मला येताना बघून त्यांनी तोंडं भिंतीकडं केली. मी कॅम्पवर जाऊन भिकूला आणि तीन मजुरांना आणलं. भिकूनं वाडीत शिरताच विचारलं, "साहेब, गावची माणसं?"

"कामावर आहेत."

"रविवारी?"

तो चौघांत पुढं लागला. वाटेत एवढंच म्हणाला, "आमच्याकडं वैऱ्याच्या मयताला बी चार पावलं चालत्यात."

लाकूड कोणी दिलं नाही. मोरीच्या साच्याच्या जुन्या फळ्या वापरल्या. सिमेंट लागलेली फळी नीट जळत नाही, हे मला माहीत होतं. रॉकेल घालावं लागलं. दुसऱ्या दिवशी चौघांची अर्ध्या दिवसाची हजेरी लावली. काम या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, म्हणून 'दगड वाहणे' असं लिहिलं.

मडकं अजून झाडाला आहे.

तुझा,
महिपती

घाट कॅम्प
१६ जानेवारी १९६३

ती. दादास,

तू विचारतोस की वाळीत टाकण्यासारखं मी केलं तरी काय, आणि वाडीतले लोक देवाचं नाव घेऊन जे बोलतात ते खरं का. खोलीत तुला पूर्ण कोणी सांगितलं नसणार, देवाची अब्रू म्हणून. मी सांगतो. तुझ्या लेकीच्या, आवडीच्या लग्नाशीही त्याचा संबंध आहे, म्हणून बसून वाच.

रस्त्याची नवी रेघ आपल्या सहाणेवरून जात होती. शिमग्यात पालखी जिथं बसते तो दगडी ओटा तुझ्या-माझ्या जन्माच्या किती आधीचा आहे कुणास ठाऊक. गाव म्हणालं, ओटा हलवू देणार नाही. साहेब मला म्हणाले, "तू तिथलाच ना? मग तूच बघ." तक्त्यावर सहाणेच्या पुढची सात कामं तिच्यासाठी अडली होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत गावकी बसली. कोंडाजी अध्यक्ष. तो म्हणाला, "आपून कोण सांगणार? देवाला कौल लावू. उजवा दिला तर सहाण चाळीस पावलं वर नेऊ. डावा दिला तर सरकार आलं तरी हलवायची नाय." सगळे कबूल झाले, मीही झालो.

आपल्याकडं कळे लावतात ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. देवाच्या दगडावर उजव्या-डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली आधी गळते ते बघायचं. आपला देव तेल-शेंदराचा नाही, नुसत्या पाण्याचा आहे. तेलाचं बोटही त्याला चालत नाही. पाणी आहे म्हणून पाकळी धरून राहते.

कौलाच्या दिवशी पहाटे मी देवळात गेलो. रोलरचं ग्रीस फडक्यावर घेतलं होतं. देवाच्या उजव्या अंगाला, जिथं कळे लावतात तिथं, दिसेल न दिसेल असा हात फिरवला. तेलकट जागी पाण्याचा थर धरत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. चार वर्षांच्या शिक्षणातलं एवढंच मला या नोकरीत उपयोगी पडलं.

चांगू गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. लोकांनी हर हर केलं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "देवाला पण माज्या पोराचा रस्ता पायजे," म्हणाली.

एक गोष्ट मी विसरलो. ग्रीस पाण्यानं जात नाही. दगड सच्छिद्र असतो, आत मुरतं. चांगू रोज देवाला आंघोळ घालत होता आणि ते तिथंच होतं. त्यानंतर वाडीत जो कौल लागला तो उजवा लागला. भाताची पेरणी उजवी, बांधाचं भांडण दोघांनाही उजवं, गाभण म्हैस विकू का उजवं, न विकू का तेही उजवं. लोक म्हणायचे, देव यंदा फार खूष आहे. चांगूला नारळ ठेवायला जागा पुरेना.

आषाढात तू आवडीच्या सोयरिकीचा कौल लावायला सांगितलास. तोही उजवा पडला. त्या मुलाबद्दल देवानं काही सांगितलेलं नाही, दादा. ग्रीसनं सांगितलं आहे. मुलगा चांगला असेलही.

ऑक्टोबरात आईचं पोट दुखायला लागलं. महाडच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, गाठ आहे, मुंबईला नेऊन महिन्याच्या आत कापून काढा. आई म्हणाली, देवाला विचारते. २ नोव्हेंबरला चांगूनं कळे लावले. तिनंच गाऱ्हाणं घातलं, "घरीच बरी व्हनार असन तर उजवा दे."

मी बाजूला उभा होतो. पाकळी पडलेली मी पाहिली.

मग तिला कापून घ्यायला कोण नेणार? देवानं सांगितलं होतं. शेवटी मी तिला खरं सांगितलं. जरा वेळ लागला, पण सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी जगन का मरन, देवानं काय सांगितलंच नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत कोंडाजीच्या घरी गेली आणि त्याला सगळं सांगून आली. मी अडवलं नाही, कारण ती जाईल असं मला वाटलंच नव्हतं. "गावानं खोट्यावर पेरलं, खोट्यावर लगनं जमवली. त्यास्नी नको कळाया?" एवढंच तिचं म्हणणं.

गावकीनं रिठ्यानं आणि राखेनं देव घासून काढला. मग आपलं घर वाळीत टाकावं का, यावर पहिला कौल लावला. डावा पडला. देव नको म्हणाला. कोंडाजी म्हणाला, "ह्याचा हात लागलेला देव हाय. ह्याच्याच बाजूनं बोलनार." आणि घर वाळीत गेलं. आईनं सांगितलं होतं म्हणून तिला वेगळं ठेवा, असं एकानंही म्हटलं नाही.

अस्थींना दुसरा महिना लागला.

तुझा,
महिपती

घाट कॅम्प
१२ फेब्रुवारी १९६३

दादा,

तुझ्या कार्डावर यावेळी एकच ओळ आहे, "आईला तू मारलीस." ते खरं आहे. पण तू लिहिलंस तेवढ्यानं ते पुरं होत नाही, म्हणून तारखांसह लिहितो. तारखा लावणं हेच माझं काम आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आईला खरं सांगायला जरा वेळ लागला. तो वेळ अठरा दिवसांचा होता. २ नोव्हेंबरला कौल पडला, २० नोव्हेंबरला मी बोललो. मला धीर होत नव्हता असं तुला वाटेल, आणि तसंच लिहावं असं माझ्या मनात आलं होतं. ते खरं नाही. नवी सहाण बांधून होईपर्यंत पावसाळा आला, मग चीनच्या लढाईमुळे सुरुंगाची दारू मिळत नव्हती आणि सहाणेचा ओटा तोवर फोडायचा राहिला होता. दारू १७ तारखेला आली. आधी बोललो असतो तर गाव सहाणेवर आडवं झोपलं असतं. १९ तारखेला दुपारी ओटा उडवला. ती पट्टी मी लाल केली. २० तारखेला आईजवळ बसलो आणि सांगितलं.

तिनं तारखांचा हिशेब केला नाही. मुंबईला चल म्हटलं तर एवढंच म्हणाली, "तुजं आता कुठलं खरं मानू? सहदेव येऊ दे. तो म्हनला तर जाईन."

म्हणून मी तुला तीन पत्रं लिहिली. आणि तार.

आता तुझी तारीख. शुक्रवार ७ डिसेंबर. भिकू चुन्यासाठी पोलादपूरला गेला होता. संध्याकाळी परत आला आणि मला म्हणाला, "भाऊ पोचलं का घरी? ष्ट्यांडावर चा पीत हुतं, तुमच्या गावच्या म्हाताऱ्यासंगं. चालणं डिट्टो तुमच्यावाणी." मी तसाच निघालो आणि वाडीच्या पायवाटेवर उभा राहिलो. साडेसहाची मुंबईची गाडी खालून गेली त्याचा आवाज आला. तरी सात वाजेपर्यंत उभा होतो.

घरी गेलो तर आईनं विचारलं, "गाडी आली का रे?"

मी म्हणालो, चुकली असेल.

१३ तारखेला कोंडाजीनं तू गावकीला लिहून दिलेल्या कागदाची नक्कल एका पोरीच्या हातानं माझ्या उंबऱ्यावर ठेवली. "मातोश्री साळूबाई व बंधू महिपती यांच्याशी आमचा जन्ममरणाचा संबंध राहिला नाही." खाली तुझी सही, आणि तारीख ७. जन्ममरणाचा असं लिहिलंस तेव्हा ती दोन तासांच्या वाटेवर जिवंत होती. चौदा तारखेला तुला ती गेल्याचं पत्र लिहिताना तो कागद माझ्यासमोर होता. तू स्वतः सांगतोस का, ते मी बघत होतो. तीन कार्डं झाली.

आवडीचं लग्न मोडू नये म्हणून तू सही केलीस हे मला कळतं. वाळीतल्या घरची मुलगी कोण करणार? शिवाय खोलीतून तुलाही काढलं असतं. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं याचा विचार करायची गरज नाही. मी माझ्या जागी काय केलं ते वर लिहिलं आहे.

तुझ्याकडून मला दुसरं काही नको. अस्थी घेऊन जा. गावात यायची गरज नाही, कॅम्प गावाच्या हद्दीबाहेर आहे. कोणाला दिसणार नाही अशी गाडी मी सांगतो. पहाटेची पकडलीस तर दहाला पोलादपूर, मी मडकं घेऊन स्टँडमागं उभा राहीन, तू हरिहरेश्वरी जाऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होशील. मी सगळ्या गाड्यांच्या वेळा काढल्या आहेत, सोबत जोडतो.

मी ५ मार्चपर्यंत थांबेन. त्यानंतर मला मडकं ठेवता येणार नाही. झाडही तोडायचं आहे.

महिपती

घाट कॅम्प
६ मार्च १९६३

दादा,

काल पाच तारीख होती. मी सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही गाड्यांना स्टँडवर जाऊन आलो. साडेसहाच्या परतीच्या गाडीलाही गेलो, कारण तू एकदा त्या वेळेला तिथं होतास.

आज सकाळी सहाणेच्या जागच्या मोरीमागचा भराव पुरा करायचा होता. तक्त्यावर तसं डिसेंबरपासून होतं. ऐनाचं झाड आधी तोडलं. भिकूनं मडकं उतरवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, रजा घ्या की. तुमीच जाऊन या हरिहरेश्वरला." मी म्हणालो, तिनं माझ्या हातानं नको सांगितलं आहे.

"मग?"

मी मडकं त्याच्याकडं परत दिलं आणि भरावातली जागा दाखवली. तो हलला नाही. मी तक्त्यावरची वेळ सांगितली. मग त्यानं पायताण काढलं, खाली उतरला, पाकळ्या ठेवतात तसं दोन्ही हातांनी सगळं खाली ठेवलं. मडकं मी फोडून बाजूला टाकायला लावलं. मडक्यानं आत पोकळी राहते आणि पुढं रस्ता खचतो. वर मुरूम पडला. रोलर सहा वेळा फिरला. पट्टी लाल केली.

म्हणजे माझा हात लागलेला नाही. तुझाही नाही.

रविवारी होळी आहे. पालखी नव्या सहाणेवर जाताना तिथून जाईल, पालखीच्या मागं कोंडाजी असेल, आणि गाव असेल. त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, कारण ते उकरतील आणि काम परत करावं लागेल.

आवडीच्या लग्नाची १० मे ही तारीख मला भिकूकडून कळली. त्या दिवशी सुरुंग ठेवलेले नाहीत. तक्त्यावर तो दिवस कोरा सोडला आहे. मुलाकडचं वऱ्हाड घाटातून उतरेल, तू सामोरा जाशील, वाजंत्री असतील. मोरी ओळखायला सोपी आहे, तिच्या कठड्यावर '१९६३' असं कोरलं आहे. आवडीला सांगू नकोस. तू मात्र खाली न बघता चालायचा प्रयत्न करशील, म्हणून लिहून ठेवतो.

वाडीला यायला आता दुसरी वाट नाही. पाहणी मीच केली होती.

महिपती